बकरीच्या मापाचे पट्टे

दुबईत बर्फावरची शर्यत होणार आहे, असं आमच्या ह्यांनी सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. बर्फ मला ठाऊक होता तो रत्नागिरीच्या बंदरावरचा, मासळीवर टाकायचा, भुशात गुंडाळून आणलेला. त्याच्यावर शर्यत कशी लावतात? आणि साठच्या दशकातल्या त्या दुबईत, जिथे प्यायचं पाणी गाढवावरून यायचं, तिथे तो आणणार कुठून?

"बर्फ नाही, वाळूच. पण बर्फ समजायचं," हे म्हणाले.

"आणि धावणार कोण?"

"कुत्रे."

माझी तव्यावरची भाकरी करपली.

हळूहळू उलगडा झाला, म्हणजे अर्धामुर्धा. ह्यांच्या कंपनीचा मोठा साहेब तरुणपणी कुठल्याशा बर्फाच्या मुलुखात होता. तिकडे बिनचाकांच्या गाडीला कुत्रे जुंपतात आणि शर्यती लावतात. त्या आठवणीने साहेबाच्या मनात उचल खाल्ली होती. खाडीवरच्या गलबतं बांधणाऱ्या सुताराकडून त्याने दोन गाड्या करून घेतल्या. वाळवंटात तंबू ठोकून राहणाऱ्या एका बद्दूने आपले सलुकी जातीचे शिकारी कुत्रे द्यायचं कबूल केलं. राहिले कुत्र्यांच्या अंगात घालायचे पट्टे. माझ्याकडे शिवणाचं मशीन होतं, तेव्हा ह्यांनी बेधडक माझं नाव सांगितलं.

मी तयार झाले ती एका खोलीसाठी. आम्ही ह्यांच्या मावसभावाच्या घरात, एका कोपऱ्यात पडदा लावून राहत होतो. त्याची बायको पुढच्या बोटीने येणार होती, म्हणजे त्याच बोटीने मला परत जावं लागणार होतं. लग्नानंतर चार वर्षं मी नवऱ्याची वाट बघत काढली होती आणि आता कुठे एका ताटात जेवत होतो. कंपनीची एक फॅमिली खोली रिकामी होती, आणि ती कुणाला द्यायची हे साहेबाच्या हातात होतं.

"साहेब खूश झाला की मिळालीच समज, इन्शाल्ला," हे रोज म्हणायचे.

पट्टे शिवायचे तर माप हवं, आणि माप घ्यायचं तर कुत्र्याला हात लावायला हवा. आमच्याकडे कुत्र्याचं तोंड लागलं की कपडे धुतल्याशिवाय नमाजाला उभं राहत नाहीत. बद्दूही आमच्यासारखाच पाच वेळचा नमाजी, पण तो म्हणाला, हा कुत्रा नाहीच, हा सलुकी. तो तंबूत त्याच्या शेजारी झोपतो म्हणे. चार पाय, शेपूट, भुंकणं, सगळं कुत्र्याचं आणि तरी कुत्रा नाही! माझं डोकं चालेना. ह्यांचं मात्र चाललं. शेजाऱ्यांची बकरी साधारण तेवढीच आहे, असं म्हणून ह्यांनी बकरीच्या छातीपोटाला दोरा गुंडाळून माप आणलं.

"अहो, बकरीला पोट असतं," मी म्हटलं.

"शिव गं. साहेब घाई करतोय."

जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे शहराबाहेरच्या खाऱ्या, सपाट खाजणावर जमले. आदल्या रात्री पाऊस शिंतडून गेल्यामुळे जमीन चिखलासारखी निसरडी झाली होती. साहेबाने आधी मोडक्या हिंदीत प्रेक्षकांना शर्यत समजावली. कुत्र्यांना हाका मारायच्या नाहीत, खायला दाखवायचं नाही, आपले कुत्रे आणायचे नाहीत. आमच्यापैकी कोण कुत्रा आणणार होतं? गाडीवानाच्या हातात चाबूक नाही की लगाम नाही, नुसतं तोंडाने वळवायचं. दोन्ही गाड्या एकदम सुटायच्या नाहीत. पहिली सुटली की दोन मिनिटांनी दुसरी, आणि जो आधी पोचेल तो जिंकलाच असं नाही, निकाल घड्याळ देणार.

आमच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत पुढे तो पुढे. इथे मग बघायचं तरी काय?

साहेब पहिल्या गाडीवर उभा राहिला, ओरडला, आणि तिला जुंपलेल्या चारही सलुकींनी झेप घेतली. सैल परकर घसरावा तसे माझे पट्टे त्यांच्या नसलेल्या पोटावरून मागे घसरले. कुत्रे त्यातून बाहेर पडले आणि थेट बद्दूकडे गेले. गाडी जागच्या जागी. दोन मिनिटांनी, नियमाप्रमाणे, दुसऱ्या गाडीचंही तेच झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मला विचारलं, "खलास? जीता कौन?" मला काय ठाऊक!

माझ्या डोळ्यांसमोर बोट आली. खोली गेली, संसार गेला, आणि तोही बकरीपायी. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी बुरखा सावरत तरातरा गेले आणि साहेबासमोर उभी राहिले.

"साहब, माप गलत हो गया. मेरे आदमी पर गुस्सा मत करो. कमरा हमको ही देना."

"कौन सा कमरा?"

"फॅमिलीवाला. जो खाली है."

साहेब गोंधळला. "वो तो कितना महिना से खाली है. तुम्हारा आदमी कभी माँगा नहीं. माँगता तो हम उसी दिन देता. कल चाबी ले जाओ."

आनंदाने रडावं की संतापाने, ते मला कळेना. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून एका पट्ट्याची गाठ सोडवत बसले होते. त्या पट्ट्यांना गाठी नव्हत्याच. मी बक्कलं लावली होती.