मोटर भरली कुणी

कारेगावच्या रस्त्याला सतीश ओव्हाळचं मोटर भरायचं दुकान होतं. पाटीवर नाव सतीशचं, फोनवर आवाज सतीशचा, आणि मोटर भरायची मात्र त्याची बायको करुणा. जळालेली तार उपसायची, खाचांत कागद सारायचा, नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं बसवायची, सगळं तीच करी. वरवंडहून लग्न होऊन आली तेव्हा तिला पक्कड धरता येत नव्हती. पुढं आसपासच्या विहिरींवरच्या मोटरी तिच्याच हातून जायला लागल्या.

गिऱ्हाईक आलं की मात्र तिनं प्लायवुडच्या फळीआड उभं राहायचं. "बाईनं भरलीय कळलं तर लोकं दुसरीकडं जातील," सतीश म्हणायचा. लोक जाताना म्हणत, "सतीशचा हातच वेगळा हाय." फळीआड करुणाचं डोकं तापायचं, आणि तरी ती गप्प बसायची. घर चालतंय ना, मग नावाला काय चाटायचंय, अशी स्वतःची समजूत काढायची.

दोन हजार तीन साली रांजणगावच्या एका कारखान्यातून इंद्रजीत नावाचा मेंटेनन्सचा माणूस माल उचलायच्या बॅटरीवरच्या गाडीची, फोर्कलिफ्टची, मोटर घेऊन आला. घागरीएवढी बुटकी मोटर, पण उचलायला दोघं लागले. "ही जमली तर बाकीच्या गाड्यांच्याबी तुमच्याकडंच," तो सांगून गेला. आत तारेऐवजी तांब्याच्या जाड पट्ट्या होत्या. करुणानं त्या एकेक सोडवल्या, खुणा करून ठेवल्या आणि तशाच नव्या बसवल्या. इतकं देखणं काम आपल्या हातून झालं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

दुकानाची एक रीत होती. भरलेली मोटर बाकाला आवळून, पुढं काही न जोडता मोकळीच चालवायची आणि जिनं भरली तिनं मोटरीच्या अंगावर तळवा ठेवायचा. विहिरीची मोटर आपल्या चालीला पोचते आणि तिथंच राहते. तळव्याला थरथर सारखी लागली की काम पास. इंद्रजीत यायच्या दिवशी सतीशनं आधी ट्रॅक्टरची एक बॅटरी जोडली. मोटर छान फिरली. तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. साहेबाला पुरा जोर दाखवायचा म्हणून त्यानं चार बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या.

मोटर सुटली. आवाज चढला, आणि चढतच राहिला.

"बघ कशी पळतीय," सतीश खुशीत म्हणाला.

करुणाच्या तळव्याखालची थरथर ठरेना. "अहो, ही थांबत न्हाई. काढा ती वायर."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मोटर शिट्टीसारखी वाजायला लागली तशी तिनं हात मागं ओढला, आणि त्याच क्षणी मोटर फुटली. पट्ट्या पोटातून बाहेर आल्या. एक पट्टी प्लायवुडच्या फळीत आरपार घुसली, करुणा रोज जिथं उभी राहायची नेमकं तिथं.

तेवढ्यात इंद्रजीत दारात आला. धूर आणि विखुरलेलं तांबं बघून त्यानं विचारलं, "भरली कुणी ही?"

"हिनं," सतीश म्हणाला. "करुणानं भरलीय साहेब. मी नुसती जोडली."

मोटर फुटली तेव्हाही करुणाला असा धक्का बसला नव्हता. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून गिऱ्हाइकासमोर तिचं नाव पहिल्यांदा निघालं होतं, आणि ते असं.

इंद्रजीतनं खाली बसून मोटर निरखली, मग बाकाकडं आणि बॅटऱ्यांकडं पाहिलं. "गाडीत न बसवता चालवली? चारी बॅटऱ्यांवर?"

"विहिरीच्या मोटरी आमी अशाच..." सतीश म्हणाला.

"ह्या जातीच्या मोटरीला ओढायला ओझं लागतं. ओझं नसलं की ती वाढतच जाते, फुटंस्तोवर. कुणीबी भरली असती तरी फुटलीच असती. सांगायचं माझ्याकडनं राहिलं. पण चालवली कुणी?"

सतीश बॅटऱ्यांच्या वायरी सोडवायला लागला.

"भरली मी," करुणा म्हणाली. आवाज आपलाच आहे याची तिला खात्री पटेना. "चालवली ह्यांनी. फुडली मोटर आणाल तवा माझ्या हातात द्या. गाडीत बसवूनच चालू करीन."

सतीश खाली वाकून तांब्याचे तुकडे गोळा करायला लागला. करुणा फळीआड गेली नाही.