कडबाकुट्टीचं नवं तोंड

"कुठं अडतंय ते बघू की," म्हणत ती खुर्ची पुढं ओढायची. स्क्रीनवर चुकीची लाल खूण आली की बाकीची मुलं हताश होऊन माझ्याकडं बघायची. हिच्या चेहऱ्यावर मात्र आवडीचं माणूस घरी आल्यासारखं हसू यायचं.

धाराशिवला माझा छोटा क्लास आहे. यंत्राचा एकेक भाग कॉम्प्युटरवर कसा घडवायचा आणि ते भाग जोडून पुरं यंत्र कसं उभं करायचं, हे मी शिकवतो. ती जळकोटहून एसटीनं यायची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. पहिल्या दिवशी तिनं माऊस डाव्या बाजूला घेतला, तेव्हा ओढणीतला उजवा हात मला दिसला. लहानपणी कडबा घालताना, जनावरांचा चारा बारीक कापणाऱ्या कुट्टीच्या यंत्रात त्या हाताची बोटं गेली होती.

"सर, जमंल का मला?"

"बघू."

"बघू न्हाय, व्हय म्हणा."

मी व्हय म्हणालो. पुढं तिनं हे कधी विचारलं नाही.

शिकताना ती स्वतःशी आणि यंत्राशी सारखीच बोलायची. एकदा नीट न जोडलेली कप्पी स्क्रीनवर भलतीकडंच सरकली. "सर, ही निघाली बघा माहेरला!" सगळा क्लास हसला. तुम्हीही असा एखादा विद्यार्थी पाहिला असेल; तो आला नाही, की वर्ग चालू असूनही बंद वाटतो.

शेवटच्या कामासाठी प्रत्येकानं एक यंत्र निवडायचं होतं. ती म्हणाली, "मी कडबाकुट्टी करते."

"दुसरं काही घे," मी म्हणालो.

"न्हाय सर. तीच."

घरची कुट्टी अजून चालू होती. अपघातापासून वडील कुणालाच त्या यंत्राजवळ येऊ देत नसत. कडबा एकटेच घालत. तिनं त्यांच्याकडून यंत्र उघडून घेतलं, मापं आणली आणि पाती, चाक, कडबा आत ओढणारे रूळ असा एकेक भाग घडवून जोडला. मग तिनं आणखी एक भाग काढला. एक हात. वडिलांच्या मापाचा, खांद्यापासून बोटांपर्यंत.

तो हात तिनं स्क्रीनवर यंत्राच्या कडबा घालायच्या तोंडातून आत सरकवला. बोटं थेट रुळांना भिडली.

तिनं यंत्राचं तोंड लांब केलं, तर कडबा पुढं सरकेना. उतार दिला, तर वरचं झाकण उघडेना. कित्येक दिवस ती मोडत आणि जोडत राहिली. एका दुपारी तो हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बोटं रुळांच्या बरीच अलीकडं थांबली. तिनं डोकं टेबलावर टेकलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "सर, झाकणाचं बिजागर अजून घासतंय."

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं तिच्या आराखड्यावरून पत्र्याचं तोंड बनवलं. ते बसवलं, त्या दिवशी मी जळकोटला होतो. यंत्र सुरू झालं. वडिलांनी पेंढी उचलली, क्षणभर थांबले आणि मग ती लेकीपुढं धरली. तिनं ती दोन्ही हातांनी आत लोटली. माझ्या शिकवण्यातून एवढं मोठं काही घडलेलं याआधी मी पाहिलं नव्हतं.

आता ती पुण्यात एका कंपनीत यंत्रांचे आराखडे करते. परवा नळदुर्गाला गेलो होतो, तेव्हा पुढं जळकोटला तिच्या घरी डोकावलो. शेजारच्या गावचा एक शेतकरी यंत्र बघायला आला होता. वडिलांनी वीज बंद केली, बाही वर सारली आणि हात खांद्यापर्यंत त्या तोंडात घातला. गाल पत्र्याला टेकला होता.

"बोटं हालिवतोय बघा," ते हसत म्हणाले. "न्हाय पोचत. लेकीनं केलंय माझ्या."