फाइलमधला फोटो आणि आमचे व्याही

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण आखातात बावीस वर्षं बांधकामावर परांच्या बांधल्या आणि माझ्या परांचीवरून एक माणूस पडला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण घरात कुणाला त्याची किंमत नव्हती.

मुलगा त्याच धंद्यात सुपरवायझर. त्याच्या साइटवर एक कामगार पडून दगावला. कोर्टाने मुलाला दोषी धरलं, अपिलातही तेच. तो तुरुंगात, आणि वरच्या कोर्टात शेवटचा अर्ज गेलेला. शारजात रोल्ला भागातल्या त्याच्या फ्लॅटवर मी होतो आणि सुनेचे वडील होते. आमचे व्याही, पुण्याच्या सरकारी कचेरीतून रिटायर, इंग्रजी फाडफाड.

फाइल त्यांच्याकडे. वकिलाचा फोन त्यांना. सून त्यांना म्हणायची, "पप्पा, हे वाचा ना." आणि मला, "बाबा, तुम्ही जेवून घ्या." लग्नात याच माणसाने मला हाताला धरून मांडवात नेलं होतं. मी वरबाप! आता पोराच्या घरात मलाच बसायला जागा शोधावी लागायची. नुसता जळायचो.

एकदा ते अंघोळीला गेले तेव्हा मी फाइल उघडली. अरबी-इंग्रजी मला काय कळणार? पण फोटो कळतो. परांचीच्या शिडीला एक पट्टी टांगलेली असते. तपासून सगळं ठीक असलं की तिच्यात हिरवं कार्ड सारतात. कार्ड काढलं की मागची बंदीची गोल खूण उघडी पडते, म्हणजे चढायचं नाही. मुलगा पहिल्यापासून सांगत होता, मी कार्ड काढलं होतं. पुरावा नव्हता. आणि अपघाताच्या दिवशी काढलेल्या शिडीच्या फोटोत, कोपऱ्यात, ती खूण चक्क दिसत होती.

मी फाइल मिटली. विचारू देत की मला! बारा दिवस तोंड उघडलं नाही.

मग एका संध्याकाळी जेवताना व्याही सुनेला म्हणाले, "अर्जात काही वाढवायचं तर उद्याच. उद्या मुदत संपते. नंतर नवा मुद्दा कोर्ट ऐकत नाही. खलास."

मी ताट बाजूला सारलं.

"फाइलमधून तो शिडीचा फोटो काढा," मी म्हणालो, आणि कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं.

त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. "अहो, हे वकिलालाही दिसलं नाही! तुम्ही कधी पाहिलंत?"

"झाले बारा दिवस."

सून माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, तो आत आहे."

"मला कुणी विचारलं का?" म्हणालो खरा, पण आवाजात दम नव्हता.

व्याह्यांनी वकिलाला फोन लावला. "सकाळी आठला बोलावलंय. सांगायचं तुम्हीच, मी फक्त इंग्रजी करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाच्या टेबलावर फोटो ठेवून मी सगळं मराठीत सांगितलं. माझं एकेक वाक्य व्याह्यांच्या तोंडून झोकात बाहेर पडायचं आणि वकील मान डोलवायचा ती त्यांच्याकडे बघून. तिथेही मला ते खुपलं. पण नवा मुद्दा टाइप होऊन कागद बाहेर येईपर्यंत मी त्या खुणेवरचं बोट काढलं नाही.