पलंगाचा उसना पाय

आमच्या घरात बसायला एक खाट होती आणि ती वडिलांची. बाकीचे आम्ही भुईवर. दिवाळीनंतर तर भुईसुद्धा आमची राहत नसे, कारण घरात कापूस यायचा. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, आणि आज ना उद्या येईल म्हणून सारं गाव कापूस घरात भरून बसायचं. आमच्या दोन खोल्यांपैकी एक छताच्या टिनाला टेकेपर्यंत भरलेली असे. दुसरीत सहा माणसं, चूल आणि माझी पुस्तकं. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. माझे हात कोपरापर्यंत लाल असायचे. शाळेत बाकावरची पोरगी जरा सरकून बसायची. आई कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घालायची आणि म्हणायची, "खाजवू नको, माय. गाडी भरली का घर मोकळं होते." होळी व्हायची, गाडी काही भरायची नाही.

हे आधी सांगते, कारण पुढं माझ्यात जो ताठा आला तो इथून आला. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. पुसदला सरकारी वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं, मागोमाग कॉम्प्युटरचा कोर्स केला. नोकरी मिळाली ती तिथल्याच एका फर्निचरच्या दुकानात. गावात आई सांगायची, पोरगी डिझायनर झाली. डिझायनर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं.

त्या वर्षांत लोक दुकानातलं तयार फर्निचर घेत नव्हते. बांधावरचं सागाचं झाड परवानगी काढून तोडायचे, लाकूड चिरून आणायचे आणि म्हणायचे, यातून पोरीच्या आंदणाचा पलंग अन् कपाट करून द्या. प्रत्येकाचं लाकूड वेगळं, माप वेगळं, हौसही वेगळी. म्हणून शेठनं कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यासमोर मला बसवलं. वस्तू बनायच्या आधी मी तिचं मॉडेल करायचं आणि गिऱ्हाइकाला पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून दाखवायचं. लोक खुर्चीतून उठून पडद्याला बोट लावायचे. "अबे, मागूनबी दिसते!"

मॉडेल मी पुरतं स्वतः करत नव्हते. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी स्वतः केलेले भाग फुकट ठेवलेले असत. मुठी, बिजागऱ्या, खुर्च्यांच्या पाठी, पाय. मी ते उतरवून घ्यायचे आणि जोडायचे. चौकट माझी, बाकी सगळं लोकांचं. ही काही चोरी नव्हती, वापरा म्हणूनच त्यांनी ते ठेवलेले असत. बहुतेकांची अट एकच: कोणाचं आहे ते सांगा. मी तेवढंच करत नव्हते. फाइल उघडली की आधी करणाऱ्याचं नाव पुसायचे आणि तिथं माझं घालायचे. हात इतका सरावला होता की नाव काय होतं ते वाचायचेसुद्धा नाही.

दुकानाच्या मागच्या टिनाच्या शेडात आमचे मिस्त्रीकाका काम करत. साठीच्या घरातले, आर्णीकडचे. पूर्वी वखर-तिफणी करायचे, शेतीची कामं आटली तसे पुसदला आले. मी काढलेल्या चित्राचा कागद त्यांच्याकडं जायचा. ते तो हातभर लांब धरून बघायचे, मग कानामागची पेन्सिल काढून लाकडावर खूण करायचे. मला 'मॅडमबाई' म्हणायचे. त्यात थट्टा होती हे मला कळायचं आणि झोंबायचंही.

एका उन्हाळ्यात आर्णीकडचेच एक शेतकरी आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांना पलंग वेगळा पाहिजे होता, "आमच्या गावात कोणी पाह्यला नसन असा." मी इंटरनेटवरून एक पाय शोधून काढला. वरून जाड, मध्ये बाकदार आणि खाली घोट्याशी एकदम नाजूक होऊन पंजासारखा पसरलेला. तो पलंगाला लावून मी पडद्यावर फिरवला. मुलीचे वडील नुसते हसत राहिले. शेठ म्हणाले, "मॅडमनं स्वतः काढला."

कागद मागे गेला आणि मिस्त्रीकाका पहिल्यांदाच स्वतः पुढं आले. अंगावर भुसा, हातात कागद.

"मॅडमबाई, ह्याचा घोटा लई बारीक हाय. इथं लाकडाची रेघ आडवी जाईन. वजन पडलं का तुटन."

"नाही तुटत."

"हा पाय कोनं काढला?"

शेठ तिथंच उभे होते. मुलीचे वडीलही होते. मी म्हटलं, "मी."

"मंग तुले मालूम असन," असं म्हणून ते वळले. 'मॅडमबाई' गळून पहिल्यांदाच 'तू' आलं होतं. मी मागून ओरडले, "एका सुताचाही फरक करू नका, काका!" सूत म्हणजे सुताराचं सगळ्यात बारीक माप. तो शब्द मी त्यांच्याकडूनच उचलला होता, आणि त्यांच्यावरच चालवला.

लग्न मुलीच्या गावातच होतं. आमच्याकडं आंदण मांडवात मांडून ठेवतात. भांडी, कपाट, पलंग, सगळं. येणारे-जाणारे ते पारखतात. बाया डब्यांवर बोटं वाजवून बघतात, म्हातारे कपाटाची दारं उघडझाक करतात. आणि आंदण करणाऱ्या सुताराला मांडवात बोलावून टोपी-दुपट्टा देण्याची त्यांच्याकडं रीत होती. मिस्त्रीकाका धुतलेला सदरा घालून आले होते. दुकानाकडून शेठनं मलाही पाठवलं होतं. लोक पलंगाभोवती गर्दी करून होते आणि मला सारखं वाटत होतं की कोणीतरी विचारावं, हा कोणी काढला.

काकांच्या डोक्यावर टोपी ठेवली गेली. त्यानंतर थोड्याच वेळात नवरदेवाची आत्या पलंगावर बसली. चांगली भरल्या अंगाची बाई. बसल्यावर तिनं दोन नातवंडांनाही वर ओढून घेतलं. काडकन आवाज झाला आणि पलंग एका कोपऱ्यावर बसला. आत्याबाई नातवंडांसकट घरंगळून गादीवरून सतरंजीवर आल्या.

आधी हशा झाला. "आत्याबाई, पंगत अजून बसाचीच हाय!" कोणीतरी ओरडलं. आत्याबाईही हसल्या. मग नवरदेवाच्या काकानं तुटलेला पाय उचलला आणि घोट्याजवळची मोड सगळ्यांना दाखवली.

"हे सागवान हाय का तुराटी?"

हसणं थांबलं. मुलीचे वडील हात जोडून पुढं आले. "भाऊ, माह्या बांधावरचं सागवान हाय. लाकडात खोट नाही."

"मंग सुतारात असन. कोन हाय सुतार?"

सगळे टोपीकडं पाहू लागले. मिस्त्रीकाकांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता, मी बोलते का एवढंच ते पाहत होते. मी मांडवाच्या खांबाला लावलेल्या आंब्याच्या डहाळीकडं पाहू लागले. डहाळीला किती पानं होती ते अजून सांगू शकेन.

"माह्या हातचं हाय," मिस्त्रीकाका म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मुलीच्या वडिलांच्या हातात दिली आणि मांडवाबाहेर गेले. जेवलेही नाहीत. मी जेवले. दोनदा बुंदी घेतली, कारण वाढणारी बाई आग्रह करत होती आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

चार दिवसांत ही गोष्ट पुसदपर्यंत आली. शेठ म्हणाले, मिस्त्री म्हातारा झाला, आता हात चालत नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसून ऐकत होते. काकांना घरी बसवलं गेलं, ते आपल्या गावी परतले. मागचा टिन बंद. कागद दुसऱ्या एका सुताराकडं जाऊ लागले आणि मी आपली मुठी, बिजागऱ्या जोडत राहिले. गोष्ट एवढ्यावरच संपली असती.

मोडलेल्या पलंगाला नवे पाय द्यायचे होते. शेठनं सांगितलं, तोच पाय थोडा जाड करून दे. माझ्या फाइलमध्ये काही गडबड झाली होती म्हणून मी मूळ फाइल पुन्हा उतरवली. या वेळी नाव पुसायच्या आधी थांबले. नावाखाली इंग्रजीत चार ओळी होत्या. हा पाय लहान तिपाईचा आहे. फक्त चित्रात दाखवण्यासाठी केला आहे, यावर वजन घेऊ नये. खरा बनवायचा असेल तर घोटा दुप्पट जाड करावा. वापरला तर माझं नाव सांगावं.

तिपाईचा पाय. चहाचे चार कप ठेवायच्या वस्तूचा पाय मी पलंगाला लावला होता. ते चित्रात कळत नाही, पण लिहिलेलं होतं. इंग्रजी वाचता येतं म्हणून ज्या पोरीचं गावात नाव झालं, तिनं इंग्रजीतल्या चार ओळी वाचल्या नव्हत्या. त्या माणसानं सांगितलं होतं, काकांनीही सांगितलं होतं. एक इंग्रजीत, एक वऱ्हाडीत. दोघांनी तेच ठिकाण दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या बसनं मी काकांच्या गावी गेले. ते ओसरीवर बसून कोणाच्या तरी कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं, पाय माझा नव्हता, इंटरनेटवरून उचलला होता.

"मले मालूम हाय," ते दांड्यावरून नजर न काढता म्हणाले.

"कसं?"

"ज्यानं पाय काढला असते ना, त्याले तो कुठी मोडन हे पयले मालूम असते. तू म्हणे नाही तुटत. लाकडाले असं कोनी म्हणते काय?"

"मग तुम्ही मांडवात काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? पटाशी माही होती. डोयानं दिसून राह्यलं का तुटन, अन् हातानं करून राह्यलो. शेठ म्हणे, बाई शिकलेली हाय." मग दांड्यावर एक ठोका मारून म्हणाले, "वाटलं तू बोलशीन."

आतून काकूंनी पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं न पाहता परत गेल्या. ते काकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"पाय कर. पण तूच कर. अन् आत्याबाईच्या घरी तूच चाल."

पुढचे सगळे रविवार मी त्यांच्या ओसरीवर होते. आधी त्यांनी मला कागद धरूच दिला नाही. सागाचा एक तुकडा हातात दिला आणि त्याची रेघ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, कुठून कुठं जाते ते बोटानं सांगायला लावलं. मला सांगता येईना. "बी.एस्सी. कशात केलं वं?" ते विचारायचे आणि स्वतःच हसायचे. हळूहळू मला कळू लागलं की बाक द्यायचा तर रेघेच्या कलानं द्यावा लागतो आणि जोडाची खाच आधी ठरवायची, नक्षी नंतर. दुकानात येऊन मी ते कॉम्प्युटरवर काढायचे आणि रविवारी कागद घेऊन जायचे. तीन वेळा त्यांनी कागदावर काट मारली. चौथ्या वेळी पेन्सिल कानामागंच राहिली.

शेठला मी पहिल्या रविवारनंतर त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते चिडले ते वेगळ्याच गोष्टीवर. "कोनाले मालूम नव्हतं ना? मंग बोलाची गरज काय पडली?" ते गल्ल्यातल्या नोटा मोजू लागले. मग म्हणाले, "मिस्त्रीले निरोप धाड." काकांचा उलट निरोप आला, आधी पलंगाचे पाय होऊ द्या, मग येतो.

आत्याबाई भावाकडं, म्हणजे नवरदेवाच्याच घरी राहायच्या; तिथं आम्ही दोघं गेलो. पाय मोडल्यापासून पलंग विटांवर ठेवला होता. नवरदेवाचे काका होते, शेजारपाजारची माणसं होती. मिस्त्रीकाकांनी हत्यारं खाली ठेवली आणि मागे सरकून उभे राहिले. मी म्हटलं, त्या दिवशी चूक सुताराची नव्हती. त्यांनी मला आधी सांगितलं होतं. पाय मी दुसऱ्याचा उचलला, माझा म्हणून सांगितला आणि मांडवात गप्प राहिले.

आत्याबाईंनी गालावर हात ठेवला. "अवं माय! कम्प्युटरमंधूनबी चोरता येते?"

"येते, आत्याबाई. लई सोपं असते."

"अन् मी पडली ते?"

"माझ्यामुळं पडल्या."

कोणी हसलं नाही. नवरदेवाच्या काकानं फक्त एवढं केलं, की खुर्ची उचलून मिस्त्रीकाकांपुढं ठेवली. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पाय बसवून होईपर्यंत मी भिंतीशी उभी राहिले, मागितलं ते हत्यार देत.

ज्याचा तो मूळ पाय होता त्यालाही मी लिहिलं. काय झालं ते सगळं, मोडक्या इंग्रजीत. उत्तर आलं नाही. आलं असतं तर काय आलं असतं, हे मी अजून मनात लिहून पाहते.

पलंगाला चार नवे पाय बसले, आणि ते तुटले नाहीत. मिस्त्रीकाका दुकानात परत कामाला लागले. मला एक पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः काढता येऊ लागला.