रेकॉर्डमधली आई

लग्न होऊन मी पिंपळे गुरवच्या खोलीत आले, तेव्हा मला घर दाखवलं ते चार वर्षांच्या मुलीनं. माझ्या यजमानांची पहिली बायको काविळीनं गेली होती, तिची ही मुलगी. मोरी, स्टोव्ह, पाण्याचा माठ असं सगळं दाखवून झाल्यावर तिनं मला कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेयरपाशी नेलं. त्यावर विणलेला रुमाल होता. तो हळूच उचलून ती म्हणाली, "ह्यात माझी आई आहे."

मी नुसती मान हलवली.

"तू घरातली आई," तिनं मला समजावलं, "ती रेकॉर्डमधली."

यजमान पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. मूळचे मावळातले. त्यांच्या तरुणपणी चिंचवड स्टेशनजवळच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. दिवसा कंपन्यांत राबणारी माणसं संध्याकाळी पेटी, ढोलकी, बँजो घेऊन बसायची. जयंतीला, लग्नात, एखाद्या विहाराच्या उद्घाटनाला त्यांचा कार्यक्रम असला की लोक सायकली काढून देहूरोडपासून भोसरीपर्यंत कुठंही जायचे. यजमान त्यांतलेच एक वेडे. पार्टीत मागे साथीला दोन बायका असायच्या. त्यांतल्या एकीशी त्यांनी लग्न केलं. ती ही पहिली.

पार्टीनं मुंबईला जाऊन काही गाणी रेकॉर्ड केली आणि ती आमच्या सगळ्या भागात कर्ण्यांवर वाजू लागली. पुढं पार्टीला पुन्हा बोलावणं आलं. त्या खेपेला रेकॉर्ड कंपनीनं पहिलीनं एकटीनं म्हटलेलं एक गाणंही घेतलं. आई झोपलेल्या मुलीला उठवते, शाळेची घंटा झाली म्हणते, अशा अर्थाचं ते गाणं होतं. स्टेजवर ते झाल्याशिवाय लोक उठत नसत. पण ही दुसऱ्या खेपेची रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. पार्टीचा मुख्य गायक मुंबई रस्त्यावर ट्रकखाली गेला, पार्टी फुटली, आणि पाठोपाठ पहिलीही गेली. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, पुढं बघू.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची. दुपारी जेवणाआधी यजमान रेकॉर्ड लावायचे. मुलगी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. ध्रुपदाच्या शेवटी सगळ्यांचे आवाज थांबायचे आणि एका बाईचा आवाज जरासा वर चढून एकटाच मागे राहायचा. मुलगी माझ्याकडे बघून म्हणायची, "ही."

त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं. तिचा धड फोटोही घरात नव्हता. पण भांड्यांवर तिचं नाव घातलेलं होतं. मी तिच्या नावाच्या तांब्यानं पाणी प्यायची, तिच्या नावाच्या परातीत पीठ मळायची. गुरुवारी मळता मळता ती जागा जवळ आली की माझा हात आपोआप थांबायचा. पुढंपुढं तर रेकॉर्ड बंद असतानाही तसं व्हायला लागलं. मुलगी शाळेत, यजमान पहिल्या पाळीला, भर दुपार, आणि एकदम तो वरचा सूर कानाशी यायचा. मी स्टोव्ह बारीक करून दारात जाऊन बघायची. शेजारीण दोरीवर कपडे टाकत असायची, बाकी काही नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सवतीचं भूत लागलं म्हणून लोक हसले असते, नाहीतर न हसता विश्वास ठेवला असता. त्याचीच मला जास्त भीती होती.

मुलगी पाचवी-सहावीत असेल तेव्हा बातमी आली की पार्टीच्या गाण्यांची मोठी रेकॉर्ड निघणार आहे. बातमी आणली यजमानांच्या दोस्तानं. ते फाउंड्रीत होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊ म्हणाले, "कॅम्पातला दुकानदार सांगत व्हता, सगळी गाणी हायेत. न निघालेली बी."

यजमानांनी त्या आठवड्यात दाढी केली नाही. कशात लक्ष नव्हतं. रेकॉर्ड आली त्या गुरुवारी आमच्या खोलीत बसायला जागा नव्हती. लोक उंबऱ्याबाहेर चपलांवर बसले होते. भाऊंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि सगळे वाकून बघू लागले. कव्हरवर नऊवारीतली, नाकात मोठी नथ घातलेली, कमरेवर हात ठेवलेली एक बाई होती. पार्टीतल्या बायका पांढऱ्या साडीत उभ्या राहायच्या.

"ही कोण आणि कुठली?" कुणीतरी विचारलं.

"असू दे," भाऊ म्हणाले. "आत गाणी तर आपलीच हायेत ना."

गाणी आमचीच होती. तीच, सगळी तीच, फक्त क्रम बदललेला. पहिली बाजू संपली तेव्हा लोक म्हणाले, दुसऱ्या बाजूला असेल. दुसरी बाजू संपली. सुई आत जाऊन खरखरत राहिली तरी कुणी उचलायला उठेना. शेवटी मुलीनं उचलली. लोक एकेक करून चपला घालून गेले.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी ‘निवडक’ म्हणून आणखी एक आली. त्यात तीच गाणी, आणि जागा भरायला दुसऱ्याच कुणाच्या पार्टीची दोन. ह्या वेळी माणसं कमी आली. एक जण म्हणाला, "आमाला येडं समजत्यात का हे? त्येच ताट, नुसतं वरचं झाकण बदलायचं." यजमान दुसऱ्या दिवशी रजा टाकून भाऊंबरोबर मुंबईला गेले.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बूट काढत भाऊच बोलले. "मोठा साहेब भेटला. चांगला वागला, चहा पाजला. म्हणाला, लोकांना ओळखीचंच गाणं लागतं. अनोळखी गाणं असलं की रेकॉर्ड पडून राहती."

"आणि तिच्या गाण्याचं रीळ?" मी विचारलं.

"म्हणाला, गोदामात असेल. नसेल तर पुसून त्यावर दुसरं काही घेतलं असेल. तसं करत्यात म्हणं."

पुसून, हा शब्द ऐकला आणि मी यजमानांकडे पाहिलं. ते मोरीत पाय धूत होते. पाय धुऊन झाले तरी तांब्यानं पाणी ओततच राहिले. मला तेव्हा वाटलं होतं, की आवाज तर घरात आहेच, दर गुरुवारी ऐकतो आपण. एका गाण्यासाठी माणसानं इतकं का खचावं?

ते कळायला मुलगी मॅट्रिकला यावी लागली. तोवर कॅसेटी आल्या होत्या. पार्टीची कॅसेट निघाली, ‘अवीट गीते’ असं काहीतरी नाव. कुणाला आता आशा नव्हती. तरी भाऊंनी ती आणली, आणि सोबत एक पाहुणा आणला. पार्टीचा ढोलकीवाला. पार्टी फुटल्यावर तो अंबरनाथकडे नोकरीला गेला होता, पुतणीच्या लग्नासाठी इकडं आला होता. केस पिकलेले, एका कानानं कमी ऐकू येणारा. त्यानं टेपरेकॉर्डर मांडीजवळ ओढून घेतला आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला.

तीच गाणी लागली. ध्रुपद संपलं, तो आवाज वर गेला, एकटा राहिला. ढोलकीवाल्याची बोटं थांबली.

"काय आवाज लागला व्हता त्या दिवशी साथीच्या त्या कुरुळीच्या बाईचा," तो म्हणाला.

भाऊ हसले. "कुरुळीच्या कशा? ह्या आपल्या वहिनी."

"न्हाई वो. ती कुठं व्हती तवा?" ढोलकीवाल्यानं सहज सांगितलं. "ती त्याच आठवड्यात बाळंत झाली व्हती. पहिल्या खेपेला आमी तिच्याबिगरच गेलो. ती आली दुसऱ्या खेपेला. त्ये तर निघालंच न्हाई."

कॅसेट चालूच होती. भाऊंनी यजमानांकडे पाहिलं, मीही पाहिलं.

"मला म्हाईत हाय," यजमान म्हणाले.

मग त्यांनीच पुढं सांगितलं. "पोरगी तीन वर्सांची व्हती. रोज इचारायची, आई कशी बोलायची. माझ्यापाशी दावायला काय व्हतं? एक दिस रेकॉर्ड लावली, तिनं इचारलं, ही कोण. मी म्हणलो, तुझी आई. वाटलं, वर्साच्या आत त्ये गाणं निघंल. मग खरं दावीन. मग दर टायमाला वाटायचं, ह्या खेपेला निघंल."

मुलगी दारात उभी होती. हातात चहाचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, वाकून प्रत्येकापुढं कप ठेवला, वडिलांपुढंही ठेवला. मग ढोलकीवाल्याला विचारलं, "त्या कुरुळीच्या बाई आहेत का अजून?"

"हाय की. शेती करती."

त्यानंतर कितीतरी दिवस ती वडिलांशी बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही. जेवायला वाढायची आणि आत निघून जायची. रेकॉर्ड कुणी लावली नाही. खोलीत मला कधी नव्हे ती शांतता मिळाली आणि ती मला सहन होईना. इतकी वर्षं मी जिला दचकले, जिच्याशी मनातल्या मनात बोलले, ती बाई ह्या घरात कधी आलीच नव्हती. आणि जी खरंच इथं राहिली, जिच्या नावाच्या भांड्यांत मी शिजवत होते, तिचा आवाज कसा होता हे मला ठाऊकच नव्हतं.

एका गुरुवारी मुलगी म्हणाली, "आई, मला कुरुळीला जायचंय. तू चल."

यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "तुमी जा. मी कुठल्या तोंडानं येऊ?"

आम्ही नाशिक फाट्यावरून चाकणची एसटी धरली. तेव्हा भोसरी सोडली की दोन्ही बाजूंना शेतंच होती. कुरुळीच्या फाट्यावर उतरून विचारत विचारत गेलो. घर मळ्यातच होतं. एक बाई पाठमोरी बसून काढलेल्या कांद्याची पात कापत होती. आमची चाहूल लागून तिनं मागं न बघताच विचारलं, "कोण पायजे?"

तोच आवाज. दोनच शब्द, पण शेवटी तसाच थोडा वर गेलेला. मुलीनं माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, ती आता मागं फिरेल. पण ती पुढं झाली आणि आपल्या आईचं नाव सांगितलं.

बाईनं विळा खाली ठेवला. मुलीला जवळ घेतलं नाही. आधी नीट बघितलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाली, "बस."

मुलीनं लगेच विचारलं. "माझ्या आईचं मुंबईचं गाणं तुम्ही ऐकलं असेल ना? तिथं कसं म्हटलं तिनं?"

बाईनं पदरानं हात पुसले. "म्या न्हाई ऐकलं, बाय," ती म्हणाली. "तू तान्ही व्हतीस, तुला घेऊनच आली व्हती ती. गाणं सुरू केलं की तू रडायचीस. साहेब वैतागला, म्हणाला, ह्या पोरीला भाईर न्या. मग म्या तुला घेतलं आन् भाईर बाकड्यावर बसले. दार बंद. जाड दार, कापूस भरल्यालं. आत काय बी झालं तरी भाईर ऐकू येत न्हाई. काचंतून तिचं तोंड हलताना दिसायचं, तेवढंच."

"मी रडत होते?"

"लई. मग माझा पदर तोंडात धरून झोपलीस."

"आणि आई बाहेर आल्यावर?"

"भाईर आली, पयलं तुला घेतलं, पाजलं. मग म्हणाली, मला च्या पायजे. तिथल्या पोऱ्यानं साखरेचा आणला, तरी दोन कप प्याली. म्हणाली, आतलं वारं लई गार हाय, घसा धरला माझा."

निघताना बाईनं आमच्या पिशवीत कांदे घातले आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी येईस्तोवर ती मुलीच्या शेजारी उभी राहिली. बाई बोलायची थांबली की मला चुकल्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम पावसाचं विचारलं, नातवंडांचं विचारलं.

घरी आलो तेव्हा यजमान दारातच बसले होते. आमच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "भेटली का?"

मुलगी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "आई तिथं दोन कप चहा प्यायली होती," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "व्हय. तिला च्या लई लागायचा. गुळाचा. साखरेचा केला तर निस्ता ओठाला लावून ठिवायची."

"अजून काय?" मुलीनं विचारलं.

मी कांदे घेऊन आत गेले. बाहेर ते सांगत होते, ती सायकलवर मागे कशी बसायची, उन्हात डोकं कसं दुखायचं तिचं, कुणाची नक्कल करायची. गाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. इतक्या वर्षांत ते तिच्याबद्दल असे पहिल्यांदाच बोलत होते. मी आत भाकरीचं पीठ घेतलं आणि आवाज न करता हळूहळू मळत राहिले, त्यांचं बोलणं मधेच थांबू नये म्हणून.