भांड्यावरचं नाव

इथे हिंदी मुलखात, खासगी बाजार नावाच्या पेठेत माझं जुन्या पितळी भांड्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी पोलीस ठाण्यात आम्हा दुकानदारांना बोलावून नवा नियम सांगितला: विकणाऱ्याचं आधार बघा, माल त्याचाच आहे याची खात्री करा, नाहीतर चोरीचा समजून जप्त करू. मी हिंमत करून विचारलं, खात्री करायची कशी? साहेब म्हणाले, "बर्तन पे नाम लिखा रहता है न? मिला लो."

आमच्या मराठी घरांत भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. लग्नात मामानं दिलं तर मामाचं, आत्यानं दिलं तर आत्याचं. विकायला येते ती भाची, आणि तिच्या आधारवर नाव सासरचं. जुळणार काय, कपाळ! पण हे साहेबांना सांगायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. उगाच दुकानावर डोळा नको. अख्खं दुकान तसल्याच भांड्यांनी भरलेलं होतं.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या समोर ठेवला. त्यावर तिच्या मामाचं नाव.

दार उघडंच होतं. मी तांब्या हळूच फिरवला आणि नाव भिंतीकडे केलं.