तांदळाला विचारणारा

मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ कारखान्यातला एक म्हातारा रोज संध्याकाळी दिसायचा. बर्फ गोठायला अख्खा दिवस लागतो, म्हणून उद्याचा बर्फ त्याला आजच ठरवावा लागे. कमी पडला तर मासळी नासणार, उरला तर पाणी. उद्या निघणाऱ्या बोटींचे तांडेल येता-जाता बर्फाची मोठमोठी मागणी सांगत. हा नुसती मान हलवायचा आणि बोटीत चढणारं तांदळाचं पोतं हाताने पेलून बघायचा.

मी कंपनीत मागणीचे अंदाज बांधतो. न राहवून त्याला पोतं पेलण्याचं कारण विचारलं.

"तोंडानं सगळेच आठ दिवस समुद्रात जातात, साहेब. तांदूळ भरतात चार दिवसांचा. मी तांदळाला इचारतो."

आता बैठकीत विक्रीवाले मोठा आकडा बोलले की मी म्हणतो, "तांदूळ किती भरलाय?" सगळे हसतात. आकडा मात्र खाली येतो.